जमनाबाई आणि वाऱ्याची चूल

सकाळी आठला जमनाबाई यायच्या, पदर खोचायच्या आणि दुसऱ्या कशालाही हात लावायच्या आधी एअर फ्रायरचा खालचा डबा ओढून नाकाशी धरायच्या. दूध नासलं की काय, हे पाहायला बायका पातेलं हुंगतात, तशा. डबा स्वच्छ असला तर “बराबर हाये” म्हणून भाकरीचं पीठ काढायला घ्यायच्या. नसला तर गरम पाण्यात सोडा टाकून तो घासत बसायच्या. त्या डब्यात काय असायचं ते मी लिहिणार आहे. लिहिताना स्वतःची शिसारी येते, पण त्याला इलाज नाही.

सेनगावात बसस्थानकामागच्या गल्लीत माझं घर आहे. मी ग्रामसेवक म्हणून निवृत्त झालो, त्यामुळे सगळे मला भाऊसाहेब म्हणतात. पत्नी गेली आणि वर्षभरातच माझ्या छातीत कळ आली. नांदेडला नेऊन स्टेंट बसवला. मुलगी वंदना नांदेडलाच दिलेली. तिनं हे यंत्र आणून ओट्यावर ठेवलं आणि या घरात आता तळण बंद, असं सांगून टाकलं.

जमनाबाई त्याआधीपासून आमच्याकडे स्वयंपाकाला होत्या. पुसेगावच्या रस्त्याला त्यांचा तांडा. आयुष्यभर लोकांच्या शेतात निंदण-खुरपण करून गुडघे गेले, सोयाबीनच्या पातीत बसवेना, म्हणून त्यांनी उभ्यानं करायचं काम धरलं. गल्लीतली चार घरं त्यांच्याकडे होती. चार घरं होती म्हणून शेतात बसावं लागत नव्हतं, एवढा साधा त्यांचा हिशेब होता.

यंत्राला त्या वाऱ्याची चूल म्हणायच्या. “जाळ न्हाई, धूर न्हाई, नुसतं घोंघावून राहिली,” असं पहिले आठ दिवस चाललं. पापड टाकला तर तो आतल्या वाऱ्यानं उडून वरच्या तारेला चिकटला आणि जळला. दुसऱ्या दिवशी त्यांनी पापडावर पोळीची जाळी पालथी घातली. वंदनानं फोनवर पाहून त्यात भाकरी करायला सांगितली, तिचं कौल झालं. जमनाबाईंनी ते कौल खिडकीत चिमण्यांसाठी ठेवलं. दोन दिवसांनी म्हणाल्या, “चिमण्याबी शान्या हायेत.”

पण महिन्याभरात त्यांनी ती चूल हाताखाली घातली. आकडे वाचता येत नव्हते, तर त्यांनी कुकरच्या शिट्ट्यांवर बेत बसवला. वरणाचा कुकर चढवायचा आणि त्याच वेळी चमचाभर तेल चोळलेली भेंडी आत ढकलायची. पहिल्या शिट्टीला डबा हलवायचा, तिसऱ्या शिट्टीला बाहेर काढायची. कारल्याच्या चकत्या, दोडक्याच्या साली, शेंगदाणे, भरताचं वांगं, सगळं त्या करायच्या. वांग्याला धुराचा वास येत नाही म्हणून शेवटी ते जरा गॅसवर धरायच्या. मी ताटावर बसलो की समोर उभ्या राहून विचारायच्या, “गोड लागलं ना? मंग तेलावाचून काय अडलं?”

माझं अडत होतं. त्यांचं जेवण चांगलं होतं, तरी संध्याकाळी माझे पाय बसस्थानकाकडे वळायचे. तिथल्या हॉटेलात बसून खाल्लं असतं तर कुणीतरी वंदनाला कळवलं असतं. म्हणून कांद्याची भजी आणि तळलेल्या मिरच्या रद्दीच्या कागदात बांधून घरी आणायचो. घरी येईपर्यंत ती गार आणि लिबलिबीत व्हायची. मग मी ती एअर फ्रायरमध्ये टाकायचो. माझं काळीज वाचावं म्हणून लेकीनं आणलेलं यंत्र माझी भजी पुन्हा कुरकुरीत करून द्यायचं, आणि भज्यांनी पिऊन ठेवलेलं काळं तेल खालच्या डब्यात गळायचं. थंडीत ते मेणासारखं गोठायचं. त्यात जळक्या बेसनाचा चुरा, मिरचीच्या बिया, आणि वास असा, की मी डबा बंद करून तोंड फिरवायचो. धुवायचा विचार एकदाही माझ्या मनात आला नाही. सकाळी जमनाबाई येणारच होत्या.

त्यांनी एकदाच विचारलं, “भाऊसाहेब, सांच्याला चुलीनं काय खाल्लं?” शेजारून काहीतरी आलं होतं, असं मी सांगितलं. त्या हसल्या. म्हणाल्या, “डबा मी धुईन. तुमच्या आतून कोन धुनार?” त्यानंतर त्यांनी विषय काढला नाही. रोज सकाळी त्या माझं पाप घासत राहिल्या आणि मी त्याला त्यांच्या कामाचा भाग समजत राहिलो.

हिवाळ्यात माझ्या रक्ताचा रिपोर्ट बिघडलेला आला. वंदना न कळवता पहाटेच्या बसनं आली. बिनतेलाचं खाऊन चरबी वाढते कशी, हे तिला कळेना. जमनाबाई आल्या तेव्हा ती ओट्याशीच उभी होती, त्यामुळे डबा पाहायचा राहिला. वंदनानं बोलता बोलता तो ओढला आणि नाक दाबलं. आदल्या दिवशीचं सगळं त्यात गोठलेलं होतं.

ती जमनाबाईंना खूप बोलली. माझ्या वडिलांना मारायला निघालात, तांड्यावरच्या बायकांच्या हाताला तेलाची सवयच असते, असंही बोलली. जमनाबाई भांडल्या नाहीत. इतकंच म्हणाल्या, “ताई, मी थेंब वाढवला न्हाई.” मग माझ्याकडे वळल्या.

“भाऊसाहेब, तुमी सांगा.”

मी मान खाली घातली. त्यांनी थोडी वाट पाहिली, डबा सोड्यानं घासून पुसून जागेवर लावला आणि गेल्या.

गल्लीत ही गोष्ट दुपारपर्यंत पोचली, आणि पोचेपर्यंत जमनाबाई तेल घरी नेतात अशी तिची गत झाली. महिन्याभरात उरलेल्या तीन घरांनीही त्यांना दारातून परत पाठवलं. मी भजी सोडली नाहीत. एवढंच, की वंदनानं लावलेल्या नव्या बाईला दिसू नये म्हणून डबा आता मला धुवावा लागायचा.

दोन वर्षं गेली. गेल्या पावसाळ्यात जीपमधून जाताना मला जमनाबाई रस्त्याकडेच्या शेतात दिसल्या. पातीत बसता येत नव्हतं म्हणून दोन्ही हात टेकत पुढं सरकत होत्या. दुसऱ्या दिवशी मी तांड्यावर गेलो आणि सगळं कबूल केलं. त्या तुरी निवडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, “हे मला काहून सांगून राहिले? मला तर ठावंच व्हतं. ज्यांना ठाव न्हाई त्यांना सांगा.”

वंदनाला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, “जाऊ द्या ना बाबा आता. नवी बाई चांगली आहे.” भज्यांवरून मात्र अर्धा तास बोलली. फोन ठेवला आणि मी हे लिहायला घेतलं. इथवर लिहून झालं ते तिन्ही घरी स्वतः नेऊन दिलं; पुढचं नंतर जोडलं. त्यांतल्या पलीकडच्या घरच्या वहिनींनी दारातच वाचलं आणि म्हणाल्या, “म्हणजे तेल नेत नव्हती तर.” चुकलं असं त्या म्हणाल्या नाहीत. मी तरी कोणत्या तोंडानं अपेक्षा करणार? पण त्यांनी कामाला या म्हणून निरोप धाडला. जमनाबाईंनी अजून उत्तर दिलेलं नाही.

काल तांड्यावर जाऊन मी हे त्यांना वाचून दाखवलं. चिमण्यांच्या जागी त्या हसल्या. संपल्यावर म्हणाल्या, “एक चुकलं.”

मी कागद पुढं धरला, जणू त्या बोट ठेवून दाखवणार होत्या.

“तुमी मान खाली घातली न्हवती. मी तुमच्या तोंडाकडंच पाहून राहिले व्हते. तुमी चहा पिऊन राहिले व्हते. मीच केलेला. कप खालीबी ठेवला न्हाई तुमी. खरं लिवायचं म्हनले ना? मंग ते लिवा.”

आठवत नाही, असं मी म्हणणार होतो. पण आठवत होतं. आल्याचा चहा होता, आणि त्या डबा घासत असताना मी तो शेवटच्या घोटापर्यंत प्यालो.