जिभेखालची गोळी

भावजयीला आई नव्हती, म्हणून बाळंतपणाला ती देवणीहून माझ्याकडे नांदेडला आली. सातवा सरत आला होता. आल्यापासून मला काहीतरी खटकत होतं. सकाळी तिचं अंग कापायचं, नाक गळायचं, जांभयांवर जांभया. "मेडिकलला जाऊन येते, अक्का," म्हणत एकटीच निघायची आणि आली की हसतखेळत भाकरी थापायची. मेडिकल तर कोपऱ्यावर होतं, ही मात्र ऑटोनं जायची. कुणाला तरी भेटत असणार, असंच मी धरून चालले.

एकदा ती आंघोळीला गेल्यावर मी तिची पर्स उघडली. आत कॅप्सूलच्या पट्ट्या.

"कशाच्या हायत ह्या?"

आंघोळीहून आलेल्या तिनं दार लोटून घेतलं आणि सांगितलं. गाडीवरून पडल्यावर कंबरदुखीसाठी दिलेल्या, नशेच्या. दुखणं थांबलं, कॅप्सूल सुटल्या नाहीत. लांबच्या एका दुकानात चिठ्ठीशिवाय मिळायच्या.

"सोडून बघितलं अक्का. लई हाल होतेत. ह्यांना सांगू नका."

मी पट्ट्या नालीत टाकणार होते. पण दिवस गेलेली बाई, म्हणून आधी तिला दवाखान्यात नेलं.

"एकदम बंद करू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बाळाच्या जिवावर बेतेल." त्यांनी व्यसनाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्या डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायची दुसरी गोळी सुरू केली.

"म्हणजे एक नशा सोडवायला दुसरी?" मी विचारलं.

"नशा नाही. अंग स्थिर राहतं. बाळाला जन्मल्यावर थोडा त्रास होऊ शकतो, पण त्यावर इलाज आहे."

मला पटलं नाही. रोज मी तिला समोर बसवून, गोळी विरघळली का ते तोंड उघडायला लावून बघायची.

मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी ती चिरक्या आवाजात रडू लागली. हातपाय थरथरत, शिंका येत, दूध ओढेना. नर्स म्हणाली, आईच्या छातीशी धरा, उजेड कमी करा, अंगावरचं पाजत राहा. अंगावरचं? त्यातही तीच गोळी असणार! मी घरून बाटली आणली.

भावजय पहिल्यांदाच माझ्यावर ओरडली. "बाटली ठिवा, अक्का! डॉक्टरला इचारलंय मी. तुमचा माझ्यावर इश्वास न्हाई, नसू द्या. लेकरू माझ्यापासून तोडू नका."

मी बाजूला झाले. पडदा ओढून ती लेकराला उघड्या छातीशी घेऊन बसली, दिवस न् दिवस. थरथर हळूहळू उतरली. एका दुपारी पोरगी पोटभर प्याली आणि निजली.

भाऊ आला तेव्हा तिनंच त्याला सगळं सांगितलं. त्यानं लेकीला मांडीवर घेतलं. मग म्हणाला, "आजची गोळी घेतलीस का?"

मुलगी आता भिंतीला धरून चालते. तिच्या आईची गोळी अजून चालू आहे; डॉक्टर ती बंद करायची घाई करत नाहीत. मला ते पुरतं पटलेलं नाही, पण पर्स मी परत उघडली नाही.