बादलीचं कुलूप

मोतद्दाराचा हात घोड्यांवर चांगला बसला होता, पण माणसांवर विश्वास टाकणं काही त्याला जमलं नाही. त्याच्या तबेल्यातली सगळी घोडी बुटक्या जातीची, जेमतेम कमरेएवढी. सगळ्यात धाकटं तांबूस शिंगरू सात महिन्यांचं, त्याच्या जिवाचा तुकडा. वर्षापूर्वी कुणीतरी बादलीत साबणाचं पाणी ओतलं होतं. तेव्हापासून गडी ताकही फुंकून पिऊ लागला. प्रत्येक बादलीला झाकण, झाकणाला कुलूप आणि किल्ली याच्या गळ्यात. दिवसातून तीनदा उघडायचं, समोर उभं राहून पाजायचं, पुन्हा बंद.

दोन महिन्यांपूर्वी मेहुणा मदतीला आला. तो गोड बोलायचा, कामाला वाघ. म्हणजे नक्की कुठेतरी पाणी मुरतंय, असं मोतद्दाराने पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. परवा दुपारी तर त्याने मेहुण्याला पेंढ्याआड पातेलं लपवताना पाहिलं होतं.

आज शिंगरू आडवं पडलं. पाय झाडायचं, वळून पोटाकडे बघायचं. सकाळपासून लीद नाही. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी नाकातून नळी घालून तेल सोडलं. "आतड्यात कोरडा गोळा अडकलाय. या बुटक्या जातीच्या पोरांचं आतडंच अरुंद. संध्याकाळपर्यंत सुटला नाही तर पोट उघडावं लागेल, आणि मग वाचेल याची मी हमी देणार नाही."

मोतद्दाराने मेहुण्याची गचांडी धरली. "काय चारलंस त्याला? पातेल्यात काय होतं?"

"पाणी, भावोजी."

"खोटं!"

"तुम्ही कुलूप लावून निघून जाता. ते झाकण चाटत बसतं. मला बघवेना."

डॉक्टरीणबाईंनी झाकण हलवून पाहिलं. "कोरडी वैरण, आणि पाण्याला कुलूप? मग गोळा नाही होणार तर काय! याच्या पातेल्याने तरी थोडं ओलं राहिलं असेल."

मोतद्दाराने गचांडी सोडली. जमिनीत गडप व्हावं असं त्याला वाटलं. संध्याकाळपर्यंत तो शिंगराचं पोट चोळत राहिला, आणि मेहुणा समोर बसून राहिला. दिवे लागता लागता मुठीएवढा कडक गोळा पडला, मागोमाग मऊ लीद आली. मोतद्दार हमसून रडला.

मग त्याने किल्ली पुढे केली. "घे. आता तूच पाज."

"किल्ली कशाला, भावोजी? झाकणंच काढा ना."

त्याने एकेक झाकण उचकटून काढलं. शिंगरू उठलं, धडपडत भरल्या बादलीपाशी गेलं, पण तोंड लावेना. ते मोतद्दाराच्या हातातल्या किल्लीकडे बघत उभं राहिलं.