क्लेमसाठी मालक हजर पाहिजे

पनवेलच्या दुकानदार मित्रांनो, दुपारी बँकेतून आल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

कार्ड मशीनवर बँकेने आपल्याकडून जादा चार्ज कापला होता. सगळ्यांनी मिळून केस केली, सेटलमेंट झाली, आता क्लेम करेल त्याला पैसे परत मिळतायत. म्हणून शेजारच्या कपड्याच्या दुकानातल्या कौसर आपांना मी हट्टाने सोबत नेलं.

आपांचं मशीन आणि खातं नवऱ्याच्या, इक्बालभाईंच्या नावावर. इक्बालभाई वारले. बँकेला कळवलं तर खातं फ्रीझ होईल, होलसेलवाल्यांचे चेक परत जातील, या भीतीने आपांनी कळवलंच नाही. आपल्या बाजारात अशी किती दुकानं चालतात, ते मला सांगू नका.

"मालकांना स्वतः यावं लागेल," काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या.

"ते दुबईला आहेत," आपा बोलून गेल्या.

"मग व्हिडिओ कॉल लावा. चेहरा दिसला की झालं."

आपा गडबडल्या. काहीतरी करायला हवं म्हणून त्यांनी खरंच इक्बालभाईंचा नंबर लावला. बँकेचे ओटीपी त्याच नंबरवर येतात, त्यामुळे तो फोन त्या कायम जवळ बाळगतात. घाबरल्यावर तेवढंही आठवलं नाही.

रिंग त्यांच्याच पर्समध्ये वाजायला लागली.

मॅडमनी पर्सकडे पाहिलं. मग कीबोर्ड जवळ ओढला. संध्याकाळी आपांचं मशीन बंद पडलं.

क्लेम करायला जरूर जा. फक्त निघण्याआधी बघून घ्या, मशीन कोणाच्या नावावर आहे? आणि तो माणूस हयात आहे ना?