पुसायचा राहिलेला दात

गिअरचे दात तपासणं हे माझं पोटापाण्याचं काम. फिरत्या चाकावर लेझरचा बारीक किरण सोडायचा आणि परत येणारा उजेड मोजायचा. धड दात उजेड सरळ परत पाठवतो, पडद्यावर त्याची रेघ उंच उठते. चिरलेला किंवा झिजलेला दात उजेड इकडेतिकडे उधळतो, रेघ बसते. एवढंच. पण चारकोपच्या गाळ्यांमधून हे समजावताना माझा जीव मेटाकुटीला यायचा. "नख फिरवलं की कळतं ओ," असं कुणी म्हटलं की माझं डोकंच सटकायचं. मशीन खोटं बोलत नाही, असं मी ज्याला त्याला सुनावायची.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तिथल्याच एका गाळ्यात क्रेनचं मोठं चाक तपासत होते. एक रेघ बसकी आली. क्रेनवरचे फिटरकाका मालवणकडचे, माझ्या वडिलांच्या वयाचे. पडद्याकडे वाकून म्हणाले, "मॅडम, ता कुंकू आसा. खंडेनवमीक मीच लावलंय."

खांबाला झेंडूचा हार होता, चाकाच्या कडेला हळदीकुंकवाची बोटं उमटली होती. मला पटलं. संशय आला तर दात पुसून पुन्हा किरण सोडायचा, हा नियम मीच दुसऱ्यांना शिकवते. त्यासाठी चाक थांबवून शिडी चढायची, फार तर दहा मिनिटं. पण आणखी चार गाळे बाकी होते, सुट्टीनंतर सगळ्यांनाच घाई, आणि खरं सांगायचं तर मला कंटाळा आला होता. कागदावर लिहिलं, 'एक दात, कुंकू. बाकी ठीक.' खाली सही ठोकली.

आठवड्याभरात तो दात तुटला. क्रेनला लटकलेले लोखंडी पत्रे काकांच्या उजव्या पायावर आले. मी धावत गेले, तर तुटलेला दात टेबलावर ठेवला होता. तुटल्या जागी अर्धा भाग चकचकीत, अर्धा तेलानं काळा. म्हणजे चीर जुनी होती, आणि माझ्या मशीननं ती दाखवली होती.

तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलात गेले. काकांचा पाय गुडघ्याखाली काढला होता. गाळ्याचा मालक तिथेच होता, हातात माझा कागद. "मॅडम, हे कुंकू लिहिलंय तुम्ही. मग पुसलं का नाही कुणी?"

"मी काकांना म्हटलं होतं, पुसून घ्या."

ठरवून बोलले नाही. पण बोलले. तेव्हा मला फक्त माझी नोकरी दिसत होती.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "होय. मॅडमनी सांगितलेल्यानी. मीच इसारलंय."

"म्हणजे चूक तुमची," मालक म्हणाला आणि कागद खिशात घालून निघून गेला. काकांना खरंच तसं वाटत होतं, की ते मला वाचवत होते, हे मी आजवर विचारू शकलेले नाही.

उशाशी त्यांची बायको बसली होती. ती त्यांच्यावर कडाडली, "मॅडमचा ऐकूक काय झालेला तुमका?" मग माझ्याकडे वळून तिनं हात जोडले. "चुकी झाली ह्येंची. राग धरू नको, बाय."

"असू द्या, काकू," मी म्हणाले.