राजपुत्राला रजा नसते

आषाढातला शेवटचा रविवार, संध्याकाळची वेळ. रक्कम एकोणनव्वद हजार रुपये, मुलाच्या येण्याजाण्याच्या विमान-तिकिटाची. हजर होतो मी, माझी बायको, शेजारच्या घरातला माझा चुलत भाऊ, आणि फोनच्या पडद्यावर मुलगा. तो युरोपातल्या एका लहान राज्यात दुग्धशास्त्र शिकतो. राज्य म्हणजे खरंच राज्य. तिथे राजा आहे, राणी आहे, आणि माझ्या मुलापेक्षा वर्षाने लहान असा एक राजपुत्र आहे. ठरवायचं एवढंच होतं, की मुलगा यंदा पोळ्याला येतो की नाही.

आमचं गाव मोताळा तालुक्यात, रोहिणखेडपासून फार लांब नाही. पोळ्याला तोरणाखालून पहिली जोडी आमच्या घरची निघते. तिचा कासरा घरच्या थोरल्या मुलाच्या हातात असावा लागतो. मुलाला अठरावं वर्ष लागलं की बापाने कासरा त्याच्या हाती द्यायचा, आणि पहिल्या जोडीचा कासरा पुन्हा कधी धरायचा नाही. ओळीने तिसऱ्या पोळ्यालाही मुलगा आला नाही तर मान त्याच दिवशी पुढच्या घराला जातो. माझ्या मुलाने एकच पोळा कासरा धरला आणि तो शिकायला गेला. त्यानंतर दोन वर्षं आमची जोडी कासरा शिंगांना गुंडाळून, पुढे कोणी नसताना, सालदाराने मागून हाकत तोरणाखालून गेली. सजवलेल्या बैलांपुढे रिकामी जागा चालताना पाहणं सोपं नाही. हा तिसरा पोळा होता. पुढचं घर चुलत भावाचं.

मुलगा गेल्यापासून मी त्या राजपुत्राची खबर ठेवू लागलो. मुलगा फोनवर फार बोलत नाही. जेवलो, बरं आहे, अभ्यास चालू आहे, एवढं झालं की संपलं. राजपुत्राच्या बातम्या मात्र फोटोसकट येतात. त्याच्या अंगावर जाड कोट दिसला की तिकडे थंडी पडली हे मला कळायचं, मग मी मुलाला फोन करून स्वेटरचं विचारायचो. त्याचे बूट ओले दिसले की तिकडे पाऊस. बायको म्हणायची, "दुसऱ्याच्या पोराकडं पाहून आपल्याचं हवामान काढता." ते खरंच होतं. माझ्याकडे दुसरं साधन नव्हतं.

हळूहळू त्या राजपुत्राचं सगळं काम मला माहीत झालं. मंत्र्यांची बैठक असली की त्याने राजाच्या उजव्या बाजूला बसायचं आणि ऐकायचं. बोलायचं नाही. लष्करात बाकीच्या पोरांबरोबर ओळीतल्या खाटेवर झोपायचं, आपली खाट आपण आवरायची. पूल झाला, दवाखाना झाला की फीत कापायची. बाहेरच्या देशात कोणी राजा वारला की काळा कोट घालून अंत्ययात्रेत उभं राहायचं. आणि राष्ट्रीय दिनाला राजवाड्याच्या सज्जात आईबापाशेजारी थांबून, खालून शाळेच्या पोरांची मिरवणूक सरेपर्यंत हात हलवत राहायचं. तो फोटो मी मोठा करून पाहायचो. बराकीतून येऊन पोरगा बापाच्या शेजारी उभा आहे. मला वाटायचं, काय गुणाचं लेकरू आहे.

हे मी मुलाला ऐकवायचो. "तुमच्या राजपुत्राले बराकीतून सुटी भेटते. घरी येऊन बापाजवळ उभा राह्यते. तुले काऊन नाही भेटत?"

"बाबा, त्याच्या बापाच्या दारात विमान उभं राह्यते," तो हसून म्हणायचा. "आपल्या दारात ट्रॅक्टर आहे, तोही अर्धा काकाचा."

माझ्या या नादामुळे गावाने माझ्या मुलालाच राजपुत्र करून टाकलं. पानटपरीवर कोणीतरी विचारायचंच, "काय म्हणते मग राजपुत्र? गादीवर कधी बसते?" मी म्हणायचो, बसेल.

तर त्या रविवारी मी तिकिटाचा आकडा सांगितला. चुलत भाऊ लगेच म्हणाला, "दादा, पैसे कमी पडत असतील तर मी घालतो."

"तू काऊन घालशील? मान तुह्याच घरी येऊन राह्यला."

"मले मान नको असं नाही," तो म्हणाला. "पण असा नको."

मग मुलगा बोलला. आदल्या आठवड्यात त्यांच्या कॉलेजच्या नव्या गोठ्याच्या उद्घाटनाला तोच राजपुत्र आला होता. पोरं ओळीने उभी होती. प्रत्येकाशी हात मिळवून प्रत्येकाला एक प्रश्न विचारायचा, हे त्याचं काम.

"मले विचारलं, तुमच्याकडं गुरं कशी असतात," मुलगा म्हणाला. "म्या पोळ्याचं सांगतलं. पहिल्या जोडीचा कासरा माह्या हातात राह्यते म्हटलं. तर त्यानं दुसरा प्रश्न विचारला. 'मग तुला जावंच लागत असेल?'"

"तू काय म्हणाला?" मी सरसावून बसलो.

"म्हटलं, लागते असं नाही. बाबा बोलावतात. तर तो म्हणे, 'मला कोणी बोलवत नाही. वर्षभराचं आधीच ठरलेलं असतं. मला रजा नसते.' अन् हसला."

"मोठ्या घरचं पोरगं, थट्टा केली असंल," बायको म्हणाली.

"नाही आई. पुढं त्या दिवशीच झालेलं वासरू होतं. ते त्याचा हात चाटू लागलं. तो तिथंच उभा राह्यला. मागचा अधिकारी खाकरला, तसा त्यानं हात काढला, रुमालानं पुसला अन् पुढच्या पोराले प्रश्न विचारला. त्याले थांबायचं होतं, बाबा. हात काढताना दिसलं मले."

सज्जातला तो हलणारा हात माझ्या डोळ्यांपुढे आला. त्या फोटोत बापाची माया मी माझ्याकडची घातली होती.

मग मुलाने मुद्द्याचं सांगितलं. पोळ्याच्याच आठवड्यात त्याला तिथल्या एका शेतकऱ्याच्या गोठ्यावर सहा महिन्यांसाठी शिकायला रुजू व्हायचं होतं. जागा एकच. तो गेला नाही तर दुसऱ्याला मिळाली असती.

"पण तुम्ही म्हणाल तर येतो, बाबा. 'ये' म्हणा."

तो शब्द दोन वर्षं माझ्या तोंडात तयार होता. बायको माझ्याकडे पाहत होती. तिला मुलगा हवा होता. मान कोणाच्या घरी गेला याचं तिला काही नव्हतं. मी म्हटलं असतं तर तो आला असता, कासरा धरला असता, आणि मी त्याच्या हाताकडेच पाहत राहिलो असतो.

"गाई किती आहेत त्याच्याकडं?" मी विचारलं.

"चाळीस."

"मग रुजू हो."

"दादा, विचार करा," चुलत भाऊ म्हणाला.

"केला."

फोन बंद झाल्यावर बायको आत गेली आणि बराच वेळ भांडी घासत राहिली. घासायला तेवढी भांडी नव्हती.

पोळ्याला चुलत भावाची जोडी पुढे उभी राहिली, कासरा त्याच्या थोरल्या मुलाच्या हातात. आमची तिच्या मागे. सालदार नेहमीप्रमाणे कासरा शिंगांना गुंडाळू लागला, तेव्हा चुलत भाऊ म्हणाला, "दादा, काऊन गुंडाळता? दुसऱ्या जोडीले नियम नाही. कोणीही धरावा."

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी कासरा हातात घेतला. चार वर्षांनी. डावा बैल माझ्या खांद्याला नाक लावून चालला. पुढे आता रिकामी जागा नव्हती, मी होतो. तरी मला सारखं वाटत होतं की कोणाची तरी जागा अडवून चाललोय.

संध्याकाळी फोन पाहिला. राजपुत्राने कुठेतरी बंदरावर फीत कापली होती. अंगात पातळ कोट होता. म्हणजे अजून थंडी नव्हती.

तिकिटाचे पैसे बाजूलाच आहेत. तो स्वतःहून येतो म्हणाला तर लागतील. पोळ्याच्या दिवशी दिले गेले ते बोजाऱ्याचे, म्हणजे बैल पूजेला दारी आणणाऱ्याला द्यायचे पैसे. पहिल्या जोडीचे एकशे एक चुलत भावाच्या मुलाला, माझ्या हाताने. दुसऱ्या जोडीचे एकावन्न बायकोने बैलांचे पाय धुऊन, पुरणपोळी चारून, कासरा धरणाऱ्याच्या हातावर ठेवले. ते मला मिळाले.