न्हाण्यापासूनचा पाचवा दिवस

ऐंशीच्या दशकात घाटकोपरला आमची एक खोली होती. मी, नवरा आणि सासूबाई. लग्नाला सात वर्षं होऊन मूल नव्हतं. पाळी दोन-दोन महिने यायची नाही. मुलुंडच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अंडाशयातून बीजच सुटत नाही, गोळ्या देऊन बघू. "पाळी झाली की पाचव्या दिवसापासून रोज एक, पाच दिवस. असं सहा वेळा. त्यापुढे मी देत नाही."

बाईंना पुढच्या पेशंटची घाई आणि मला विचारायची लाज. दोन्ही नडल्या.

आमच्या मालवणी घरात पाळी झाली म्हणजे संपली. तीन दिवस मी दाराशी गोणपाटावर बसायची आणि चौथ्या दिवशी डोक्यावरून न्हाऊन घरात यायची. एकदा मी आधीपासूनच बोटांवर दिवस मोजायला लागले तर सासूबाई म्हणाल्या, "न्हाल्याशिवाय दिस कसले मोजतंस गो?" त्या न्हाण्याचा दिवस पहिला धरायच्या, कॅलेंडरवर कुंकवाचं बोट उठवायच्या आणि पाचव्या दिवशी गोळी स्वतः माझ्या हातावर ठेवायच्या. नातवंडाची त्यांना माझ्याहून घाई. गोळ्यांनी अंगाची लाही व्हायची, डोळ्यांपुढे धूसर दिसायचं, तरी मी हौसेने गिळायची.

सहाही वेळा पाळी आली. 'गोळ्यांचा उपयोग नाही' असं कागदावर लिहिता लिहिता बाईंनी विचारलं, "सुरू झाल्यापासून पाचवा दिवसच धरलात ना?"

मी न्हाण्याचं सांगितलं.

"अहो, मग तो आठवा दिवस झाला!"

वेळेवर घेतल्या असत्या तर, असं मी विचारलं. "ते आता कसं सांगणार?" म्हणाल्या आणि आणखी एकदाच गोळ्या लिहून दिल्या.

घरी येऊन मी सासूबाईंवर तुटून पडले. "तुमच्या विटाळाने माझं पोर खाल्लं!" त्या वाक्याची मला आजही लाज वाटते, आणि रागही पुरता गेलेला नाही.

त्यानंतरच्या पाळीला त्यांनी मला गोणपाट घेऊ दिलं नाही. त्याच दिवशी कॅलेंडरवर बोट उठवलं. पाचही गोळ्या वेळेवर गेल्या.

महिन्याने मी मोरीतून बाहेर आले. माझं तोंड बघूनच त्यांना कळलं. घरात आता एकही गोळी नव्हती. तरी त्या उठल्या, करंड्यात बोट बुडवून कॅलेंडरवर टेकवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आज पयलो दिस."