चार मोहांचा कागद

माघ पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार. स्टॅम्पपेपर पाचशेचा, लिहिणावळ दोनशे, एकूण सातशे रुपये. हजर तिघे: मी, माझी बायको आणि गावाहून आलेली माझी थोरली बहीण, जिला आम्ही सगळे बाई म्हणतो. कागद शुक्रवारीच करून ठेवला होता. बाईच्या हातात दिला रविवारी.

कागद कशाचा ते आधी सांगतो. मुलचेऱ्याकडच्या आमच्या गावात मोहाची झाडं जंगलात असली तरी कोणतं झाड कोणत्या घराचं हे ठरलेलं असतं. त्याची कुठे नोंद नाही. फुलं गळायच्या आधी ज्यानं झाडाखालचा पाला झाडून जागा साफ केली, त्याचं ते झाड. एखाद्या हंगामात पाला तसाच राहिला, तर त्या घरानं झाड सोडलं असं समजतात आणि दुसरा कोणीतरी तिथे खराटा मारतो. त्यावरून भांडण होत नाही. बाबांनी जाण्याआधी आमची सहा झाडं वाटली. नाल्यापलीकडची चार मला आणि घराजवळची दोन बाईला, कारण नवरा गेल्यावर ती माहेरीच राहायला आली होती. सहाही झाडं बाई आणि माझी बायको मिळून वेचत.

गेल्या जूनमध्ये आम्ही चंद्रपूरला आलो. मुलीचं नर्सिंगचं शिक्षण होतं आणि मला सिमेंटच्या एका गोदामात हिशेब लिहायचं काम मिळालं. तिसऱ्या मजल्यावर भाड्याच्या दोन खोल्या. फुलं गळतात मार्च-एप्रिलमध्ये, आणि मार्चअखेर म्हटली की गोदामात रविवारचीही सुट्टी नसते. बायकोला मुलीचा डबा सोडून जाता येणार नव्हतं. चार झाडं दुसऱ्याच्या हाती जाण्यापेक्षा बाईच्या नावे करून द्यावीत, असं मी ठरवलं. त्या वेळी मला ते उदारपणाचं वाटलं.

बाई शनिवारी दुपारच्या बसनं आली. चंद्रपूर तिनं याआधी एकदाच पाहिलं होतं, तेही दवाखान्याच्या खिडकीतून. पिशवीत वाल, सुकवलेली टमाटी आणि एक नवा बांधलेला खराटा होता. खराटा बायकोनं बाल्कनीत टांगला. म्हणाली, "बरं झालं बाई, इथी जिन्यात लय धूळ राहते." बाई तिच्याकडे बघत राहिली.

रविवारी सकाळी मी आणि बायकोनं तिला शहर दाखवायला नेलं. यादी मनात तयार होती. जटपुरा गेट, परकोट, महाकालीचं मंदिर, शेवटी रामाळा तलाव. तिचा गुडघा दुखतो म्हणून मी सगळीकडे ऑटोच केला. गेटाजवळ उतरून मी सांगितलं, हा परकोट आपल्या गोंड राजांनी बांधला, पूर्ण शहराभोवती फिरतो.

"आपल्याच राजाचा का?" तिनं दगडावर हात ठेवून विचारलं. "मंग इतला मोठा बांधला अन् बाजूले एक मोह नाई लावला?"

"शहर आहे बाई हे."

"ते दिसूनच राह्यलं."

औष्णिक केंद्राच्या चिमण्या लांबून दिसल्या तशा मी मोजून दाखवू लागलो. ती हसली. "मोजत बैस तू. लहानपणीही वेचत कमी अन् मोजत जास्ती होता. माही टोपली भरे, तुही बोटं भरत."

मंदिरात तिनं हात जोडले, बाहेर येऊन चपला आधी शोधल्या. तलावाच्या काठी एका मोठ्या झाडाखाली आम्ही बसलो. खाली दोन-तीन बोटं पाला साचला होता. तिनं तो पायानं बाजूला केला आणि विचारलं, "हे झाड कोणाचं?"

"महानगरपालिकेचं."

"तिले पाला झाडाले येत नाई का?"

बायको हसली, मीही हसलो. तिघांचं मन मोकळं आहे, हीच वेळ बरी, असं मला वाटलं. मी कागद काढला आणि वाचून दाखवला. नाल्यापलीकडची चार झाडं, त्यांच्या खुणा, दिशा, सगळं मी नीट लिहवून घेतलं होतं. आजपासून ही झाडं माझ्या बहिणीची, माझा वा माझ्या वारसांचा हक्क नाही.

बाईनं कागद घेतला, उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती.

"किती लागले?"

"सातशे."

"झाडं जंगलाची. तू कागद कशाचा केला?" मग माझ्याकडे वळली. "मी खराटा कशाले आणला वाटलं तुले? तुह्या जिन्याले? दोन बांधले होते लहान्या. एक माहा, एक तुहा. म्हटलं, याले घेऊनच जाईन. दोन दिवस येऊन चार झाडांखाली खराटा मारला असता, तर पुढचं मी पाहून घेतलं असतं."

मी बावन्न वर्षांचा आहे. मला लहान्या म्हणणारी आता ती एकटीच आहे. मी तिला मार्चअखेर समजावून सांगू लागलो: किती पावत्या, किती खाती, मालक कसा आहे. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"आपल्याकडं झाड कधी देते मानूस?" तिनं विचारलं. "मरताना देते. बाबानं दिलं तसं. तू काऊन देऊन राह्यला?"

तिनं कागदाची घडी करून माझ्या खिशात परत घातली.

सोमवारी सकाळी बसस्टँडवर तिचं अर्धं तिकीट मी काढणार होतो. तिनं पदरातून पैसे आधीच काढले होते. खिडकीतून म्हणाली, "तुही झाडं मी अर्धलीवर वेचतो. अर्धं माहं, अर्धं तुहं. बाबाच्या वेळेसारखं." खराटा ती घेऊन गेली. दोन्ही तिलाच लागणार होते, असं मी समजलो.

एप्रिलच्या शेवटी एसटीनं एक पोतं आलं. वाळलेली मोहफुलं. गोदामाच्या काट्यावर एकेचाळीस किलो भरली. मी बाईला फोन केला आणि म्हणालो, मेहनत सगळी तुझी, दोन हजार पाठवतो.

"हिस्सा आहे तो, मजुरी नाई. वजन बरोबर आहे ना? मंग ठेव," म्हणाली आणि फोन दुसऱ्याच्या हातात दिला. तो आमचा धाकटा चुलतभाऊ होता. तो आधी इकडचं तिकडचं बोलला. मग बाई दूर गेली असावी, कारण आवाज खाली आणून म्हणाला, "दादा, रागावू नको. बाईची घराजवळची दोन झाडं यंदा मी झाडली. पाला तसाच पडून होता."

"काऊन?"

"तिच्यानं साही झाडं कुठी होते आता? फुलं तर सगळी पहाटेच पडतात, उशीर झाला की ढोरं खातात. मी म्हटलंही, बाई, नाल्यापलीकडची सोड, घराजवळची वेच. तर म्हणे, माही सुटली तरी मी गावातच आहो. त्याची सुटली तर तो पाहुना होईल."

मी बरं म्हणालो. रागावलो नाही, असंही सांगितलं. नियमानं ती दोन झाडं आता त्याचीच आहेत.

पोतं अजून बाल्कनीत आहे, जिथे खराटा टांगला होता तिथे. दुपारी ऊन आलं की घरभर त्याचा वास सुटतो. मुलगी खिडकी लावून घेते. खाली एक व्यापारी मोह घेतो, पण मी त्याला भाव विचारलेला नाही.

पोत्याचे ऐंशी रुपये कंडक्टरला दिले, आणि तीन मजले चढवणाऱ्या हमालाला पन्नास. बाईनं काही घेतलं नाही.